चार बोटं खाली

मे महिन्यात बडोद्यात आमच्या घरामागच्या मैदानावर आनंदमेळा लागला होता. पुण्याहून सुट्टीला आलेली नात, ईरा, पहिल्या रात्रीपासून गच्चीवरून त्याचे दिवे बघत बसायची. शेवटी एका संध्याकाळी तिला घेऊन निघाले, तर तिने काजललाही ओढलं. काजल म्हणजे आमच्याकडे कामाला येणाऱ्या सविताची मुलगी. दोघीही तिसरीत, दोघींचा जन्म २०१७ च्या श्रावणातला, मध्ये आठ-नऊ दिवसांचं अंतर. सविता म्हणाली, मीपण येते, आणि आम्ही चौघी निघालो. दारातच तिकीटखिडकीशेजारी प्लायवूडचा एक विदूषक उभा होता. त्याचा एक हात आडवा पसरलेला, त्याखाली लाल रंगात रेघ आणि १२० सें.मी. असं लिहिलेलं. रेघेखालच्यांना अर्धं तिकीट. खिडकीतल्या पोराने दोघींना विदूषकाच्या हाताखाली उभं केलं. ईरा रेघेच्या तीन बोटं वर गेली. काजल चार बोटं खाली राहिली. "आनी अडधी," असं म्हणून त्याने तिकीट फाडलं. सविताचा चेहरा खुलला. "मासी, तमारा वीस रूपिया बच्या," ती मला म्हणाली.

आत ड्रॅगन होता. हिरव्या पत्र्याचा, तोंडातून लाल दिवा ओकणारा, रुळावरून गिरक्या घेणारा. जनरेटरच्या डिझेलचा आणि पॉपकॉर्नच्या बटरचा वास एकत्र होऊन घशात बसत होता. ईराने ड्रॅगनसाठीच हा सगळा हट्ट केला होता. तिथेही एक विदूषक होता, तोच रंग, तोच हात, तीच रेघ. फक्त इथे नियम उलटा: रेघेखालच्यांना बसायला मनाई. "पट्टा सैल बसतो, पोरगी निसटेल," तिथला माणूस म्हणाला, आणि त्याचं बरोबरच होतं. ईराने चपला काढून काजलच्या हातात दिल्या नि पळत जाऊन पुढचा डबा पकडला. काजल कठड्याला टेकून उभी राहिली. ड्रॅगन समोरून गेला की ती हात हलवायची, गेला की त्या गुलाबी चपला पुन्हा छातीशी धरायची. तीन फेऱ्या झाल्या. रडली वगैरे मुळीच नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

दोघी एकाच श्रावणातल्या.

मला काजलची दया आली म्हणून झोप उडाली असं लिहिलं तर ते शोभून दिसेल, पण खरं नाही. मला राग आला होता, आणि तो स्वतःचा होता. गेली चार वर्षं ही मुलगी माझ्या स्वयंपाकघरात दुपारी अभ्यासाला बसते. ईराकडून उचलून मला "आजी" म्हणते. आणि ती तिच्या वयाला बुटकी आहे हे मला एका प्लायवूडच्या विदूषकाने सांगावं? मी, जिने इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात होम सायन्स केलं, अन्न आणि पोषण हाच विषय घेऊन? आमच्या वेळी गावातले लोक त्याला "लग्नाची डिग्री" म्हणायचे. दांडिया बाजारातल्या मराठी घरांत तर मुलगी होम सायन्सला आहे म्हणजे पुरणपोळी बरी करत असेल असा समज. प्रत्यक्षात आम्ही जीपच्या मागच्या बाकावर वजनकाटे मांडीवर घेऊन छोटाउदेपूरकडे जात असू. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ज्या ३३ ठिकाणी अंगणवाडीची योजना सुरू झाली त्यातलं ते एक, तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं. मी गेले ते १९८२ साली.

अंगणवाडीच्या आढ्याला स्प्रिंगचा काटा टांगायचा, खाली कापडी झोळी, झोळीत मूल. मूल घातलं की ते किंचाळायचं, काटा थरथरायचा, आणि तो स्थिर होण्याची वाट बघत आम्ही उभ्या. मग दंडाची पट्टी. लाल, पिवळा, हिरवा. तेव्हाच्या मापाने तीन-चार वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेतेरा सेंटिमीटरच्या वर असेल तर हिरवा, साडेबाराच्या खाली गेला की लाल. पहिल्या दिवशी मी प्रत्येक वेळी पट्टी नीट लावत होते. तिसऱ्या दिवसापर्यंत हातालाच कळायला लागलं: अंगठा आणि तर्जनी दंडाभोवती सहज जुळली की लाल. तो स्पर्श अजून माझ्या बोटांत आहे. कातडी उन्हाने तापलेली, कोरडी, आतमध्ये हाड लगेच लागायचं. वहीत नाव लिहायचं नाही, फक्त अनुक्रमांक, वय, वजन, उंची, दंड. संध्याकाळी वही बंद करून आम्ही जीपमध्ये गाणी म्हणत परत यायचो. एकवीस-बावीसचं वय होतं.

त्याच काळात आमच्या वर्गात एक वाद पेटलेला असायचा. डॉ. पां. वा. सुखात्मे, आपले मराठी संख्याशास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत मोठ्या पदावर राहून पुण्याला परतलेले, मांडत होते की माणसाची उष्मांकांची गरज दगडावरची रेघ नसते. शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं, म्हणून ठरावीक आकड्याखाली खाणारा प्रत्येक जण उपाशीच धरणं चूक आहे. त्यांची बाजू गणिताने भक्कम होती. पण डेव्हिड सेक्लर नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने ते धागे आणखी ताणले आणि म्हटलं की भारतातली पुष्कळशी खुजी मुलं खुजी असली तरी निरोगीच आहेत. पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन त्यावर तुटून पडले. आमच्या बाई वर्गात शांतपणे म्हणाल्या होत्या, "बुटकं असणं हा रोग नव्हे गं. पण बुटकं कसं झालं ते विचारा. त्या वाटेवर किती जुलाब, किती ताप आणि किती रिकाम्या थाळ्या लागल्या ते मोजा." मी हे वाक्य परीक्षेत लिहिलं आणि पहिला वर्ग मिळवला.

आमच्या घरातलं सगळ्यात बुटकं माणूस म्हणजे माझी आजी, आईची आई. चार फूट सात इंच. देवघराच्या कोनाड्यातली समई लावायलाही पाट लागायचा. तिचा जन्म छप्पनियोतला. बडोद्यात वाढलेल्याला हा शब्द सांगावा लागत नाही: विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ. पणजोबा गायकवाडीत कडी प्रांतात कारकून होते. पगार थांबला नाही, पण पगाराला येणारं धान्य अर्ध्यावर आलं. पुरुषमाणूस कचेरीत जातो म्हणून त्याला भाकरी, मुलांना भाकरीचा तुकडा आणि पणजीला ताटातलं धुऊन घेतलेलं पाणी, अशी घरातली गोष्ट. गोष्टीत मीठमसाला असेल. पणजीच्या पोटात तेव्हा आजी होती एवढं मात्र खरं. १८९१ च्या शिरगणतीत बडोदा संस्थानाची लोकसंख्या २४ लाख १५ हजार होती. १९०१ मध्ये ती १९ लाख ५२ हजारांवर आली. महाराजांनी स्वतः दुष्काळी भाग फिरून नोंदी लिहिल्या, छापल्या, कामं काढली. तरी पाचातला जवळजवळ एक माणूस कमी झाला. त्या दहा वर्षांत प्लेगही येऊन गेला. पण त्या वजाबाकीत सगळे मेलेलेच नव्हते, काही जन्मलेच नव्हते. अंगावर मांस उरलं नाही की बाईची पाळी थांबते. शरीर स्वतःच ठरवतं की आता दुसरा जीव पोसणं नाही, आणि कोणालाही न विचारता दार लावून घेतं.

आता या वयात मला जी गोष्ट गरगरवते ती आम्ही पहिल्या वर्षाला पाठ केली होती आणि तेव्हा तिचं काहीच वाटलं नव्हतं. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सगळी बीजांडं तयार होतात. विसाव्या आठवड्याच्या सुमारास साठ-सत्तर लाख; पुढे आयुष्यभर ती कमीच होत जातात, नवी भरती नाही. म्हणजे १९०० साली पणजी उपाशीपोटी चुलीपुढे बसली होती तेव्हा तिच्या पोटात आजी होती, आणि आजीच्या आत, डोळ्याला दिसणारही नाही एवढं, माझ्या आईचं बीज होतं. एका रिकाम्या थाळीवर तीन बायका बसल्या होत्या. आजीची नऊ बाळंतपणं झाली, चार मुलं जगली. माझी आई १९३३ ची, पाच फुटांना दोन बोटं कमी. मी पाच फूट एक. माझी मुलगी पाच-चार. ईरा बहुधा तिच्याही वर जाईल. नऊ बाळंतपणं, मग तीन, मग दोन, मग एक. पोरं जगायला लागली तशी आम्ही कमी पोरं काढली आणि जी काढली त्यांना वाढायला जागा मिळाली. रेघेच्या तीन बोटं वर जायला आमच्या घराला सव्वाशे वर्षं लागली, आणि तीही सरकारी पगार, आजवा तलावाचं नळाचं पाणी आणि मुलींची शाळा हे सगळं पदरात असताना.

आईच्या लहानपणी माझा मामा माणिकरावांच्या आखाड्यात जायचा. जुम्मादादा व्यायाम मंदिर हा इथल्या मराठी माणसाच्या अभिमानाचा विषय. मलखांब, लेझीम, लाठी, छातीचे फोटो. मामासाठी रोज शेरभर दूध वेगळं काढून ठेवलेलं असायचं. आई आणि मावशी त्या भांड्याला नुसतं झाकण घालायच्या.

आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. सकाळी चहाबरोबर मला देशाच्या अर्थव्यवस्थेचा क्रमांक ऐकावा लागतो. कितव्यावर होतो, कितव्यावर आलो. मेळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तो सांगितला तेव्हा मी विचारलं, आणि उंचीत कितवे? ते हसले. मग मी त्यांना रॉबर्ट फोगेलबद्दल सांगितलं. हा अर्थशास्त्रज्ञ, १९९३ चं नोबेल मिळालेला, कित्येक वर्षं सैनिकांच्या उंच्या, वजनं आणि जुन्या काळातल्या माणसांच्या थाळ्या मोजत बसला होता. त्याचा हिशेब माझ्यासारख्या होम सायन्सवालीला लगेच कळतो. सिग्नलला उभी असलेली रिक्षाही गॅस खातेच. माणूस दिवसभर नुसता पडून राहिला तरी श्वास, हृदय, अंगातली ऊब यांना हजार-बाराशे-चौदाशे उष्मांक लागतात. त्यावर जे उरेल त्यातून काम. फोगेलने दाखवलं की अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समधल्या सगळ्यात तळच्या दहा टक्के लोकांकडे रोजच्या कामाला पुरेल अशी ऊर्जा उरतच नव्हती, आणि त्यावरच्या दहा टक्क्यांकडे उरायची ती दिवसाला तीन तासांच्या हलक्या कामापेक्षाही कमी. त्या काळचे भले लोक रस्त्यातल्या भिकाऱ्यांना आळशी म्हणत होते. पुढे शेती सुधारली, रोग हटले, पोट भरलं, माणसं उंच झाली, कामाला उभी राहिली. १७९० ते १९८० या काळात ब्रिटनचं दरडोई उत्पन्न जेवढं वाढलं त्यातला सुमारे ३० टक्के वाटा त्याने सुधारलेल्या पोषणाला दिला. वाफेच्या इंजिनाचं कौतुक आपण शाळेत शिकलो. इंजिनात कोळसा टाकणाऱ्या माणसाच्या पोटात काय होतं हे कोणी शिकवलं नाही.

"म्हणजे सविता अकरा वाजता ओट्याला टेकून बसते तेव्हा," हे म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत. कारण "बसली परत" हे आमच्या घरातलं नेहमीचं वाक्य आहे, आणि ते बहुतेक वेळा माझंच असतं. मागच्या दिवाळीत तिचं हिमोग्लोबिन आठ निघालं होतं. मी लोहाच्या गोळ्या आणून दिल्या, दोनदा आठवण केली, मग विसरले.

आकडेच बोलायचे तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाला खुजी निघाली. आमच्या गुजरातेत ३९. कारखाने, बंदरं, आठपदरी रस्ते असलेल्या राज्यात देशापेक्षा जास्त, आणि आधीच्या पाहणीपेक्षा तसूभर वरच, कमी नाही. बायकांमधला रक्तक्षय ६५ टक्के. हे म्हणाले, पैसा आला की हळूहळू होईलच. हळूहळू म्हणजे किती? दक्षिण कोरियाच्या बायका शंभर वर्षांत वीस सेंटिमीटरने उंचावल्या. आपल्या जेमतेम पाच. पैसा घरात येतो, ताटात पोचतो, पण ताट आधी कोणापुढे जातं, ते पाणी कुठलं, पोटात जंत आहेत का, बाई पहिल्या खेपेला एकोणीस वर्षांची आहे की पंचवीसची, यातून गळत गळत बाळापर्यंत किती उतरतं हा वेगळा हिशेब आहे. सविताची खोली अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या मागे. पाणी टँकरचं. पहिल्या दोन वर्षांत काजलला दर पावसाळ्यात जुलाब व्हायचे, हे मला सविताने मेळ्यानंतर, मी विचारलं तेव्हा सांगितलं. आतडं सारखं आजारी असेल तर खाल्लेलंही अंगी लागत नाही. ती दोन वर्षं निघून गेली.

एवढं लिहून वाटतं की आम्ही वर आणि त्या खाली असं चित्र होतंय, तर तेही सरळ नाही. मी बारीक आहे, कायमची. लग्नातलं ब्लाउज चाळिशीपर्यंत होत होतं, आणि त्याचा मला गर्व होता. बावन्नाव्या वर्षी साखर वाढलेली निघाली तेव्हा मी डॉक्टरांशी भांडले: माझ्या अंगावर चरबी आहे कुठे? आहे, ते म्हणाले, दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटनमधले डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला होता. दोघेही सडसडीत, उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२. पुण्याजवळच्या सहा गावांतली बाळं त्यांनी मोजली. सरासरी वजन पावणेतीन किलोच्याही आतलं, हाडं-स्नायू कमी, पण चरबी मात्र राखून ठेवलेली. उपाशी आईच्या पोटातलं बाळ पुढच्या दुष्काळाच्या तयारीने येतं. मग त्याला दुष्काळ भेटत नाही, लीलो चेवडो भेटतो. सेव-उसळ भेटते, गोड आमटी भेटते, दुपारची झोप भेटते. माझी मेटफॉर्मिनची गोळी मी रोज जेवताना घेते आणि कधी कधी पणजीच्या त्या ताटातल्या पाण्याची आठवण होते.

सविता सत्तावीस-अठ्ठावीसची. मूळची छोटाउदेपूरकडच्या कवांट तालुक्यातली, राठवा आदिवासी. चौकशीची सुरुवात झालीच होती म्हणून मी तिच्या आईचं गाव विचारलं. तिने नाव सांगितलं आणि माझ्या हातातलं विळीवरचं पडवळ थांबलं. त्या गावाला आम्ही गेलो होतो की शेजारच्या, आता छातीठोक सांगता येत नाही. माळ्यावर माझी १९८२ ची वही सापडली, कडा वाळवीने खाल्लेल्या. गावांची नावं आद्याक्षरांनी लिहिलेली, आणि मग नुसते अनुक्रमांक. एकोणीस: मुलगी, अंदाजे ४ वर्षं, दंड १२.१. तेवीस: मुलगी, अंदाजे ३ वर्षं, दंड १२.४. सविताची आई तेव्हा एवढीच असेल. एकोणीस ती नसेल, तेवीसही नसेल. मी वही सविताला दाखवली नाही. काय सांगणार होते?

काजल शाळेत दुपारचं जेवते, हे एक बरं आहे. गुजरातेत ही योजना १९८४ साली सुरू झाली. २०२१ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की लहानपणी शाळेतलं जेवण मिळालेल्या मुलींना पुढे झालेली मुलं इतरांपेक्षा कमी खुजी होती. मला तो अभ्यास फार आवडला, कारण त्यात माझ्या पणजीची गोष्ट उलटी वाचलेली आहे. तरी इथल्या शाळेच्या ताटात अंडं नाही. का नाही हे इथे राहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. आणि मी कोणाला बोलणार? माझ्या स्वयंपाकघरातही कधी नव्हतं. वाढीच्या मुलाला अंड्यासारखं स्वस्त प्रथिन नाही, असं मी पेपरात लिहून गुण घेतले आणि साठी ओलांडेपर्यंत अंडं फोडलं नाही.

ईरा पुण्याला गेली त्याच्या दुसऱ्या सोमवारी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून सहा अंडी आणली. दुकानदाराने मला ओळखलं, काही बोलला नाही, आणि न मागता काळ्या पिशवीत घालून दिली. सविताने विचारलं, मासी, आ कोना माटे? मी म्हटलं, काजलसाठी, रोज एक. तिने मागची जुनी ॲल्युमिनियमची पातेली शोधून काढली, माझी भांडी नको म्हणून. उकळताना वास आला तो गंधकाचा, फटाक्यांसारखा पण ओला. हे पेपर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत आले, दारात थांबले, आणि पंखा लावून परत गेले. पहिल्या दिवशी म्हणून मी दोन सोलायला लावली. काजलने पहिलं अंडं मीठ लावून, डोळे मिटून, दोन घासांत संपवलं. दुसरं हातात धरून थोडा वेळ बघत राहिली. मग फ्रॉकच्या खिशातला रुमाल काढला, त्यात ते नीट गुंडाळलं आणि खिशात ठेवलं.

"भाई माटे," ती म्हणाली.